पकड पाच

संशोधन केंद्राचा वर्धापनदिन होता. मैदानावर जेवणाचा मांडव घातला होता आणि सगळे जण बायकामुलांसह तिकडे निघाले होते. तेव्हाच कॅमेऱ्याने नीळकंठ डोर्लीकरांना निवडले.

वाघाच्या नजरेवरून शिकवलेला तो कॅमेरा गच्चीवर ट्रायपॉडला लावलेला होता. त्यातले दृश्य मांडवाच्या तोंडाशी ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर दिसत होते. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचे देवव्रत सामंत पुण्याहून मुद्दाम आले होते. जंगलातले फोटो त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आता त्यांना कबड्डीचे सामने आणि शाळांच्या शर्यती टिपणाऱ्या गिऱ्हाइकांची काळजी होती, म्हणून त्यांनी विषयाची कळ ‘प्राणी’वरून ‘माणूस’वर फिरवली. हिरवी चौकट माणसांवरून सरकू लागली. एकदोन चेहऱ्यांपाशी अडखळली, पुढे गेली आणि केंद्राचे संचालक नीळकंठराव यांच्यावर येऊन थांबली. ते बायकोशी, कुंदाशी, काहीतरी बोलत सावकाश चालले होते. मधून मुले पळाली, पाण्याचे पिंप आले, मांडवाचा खांब आला. चौकट सुटली नाही.

लोक हसले. वाघालाही साहेबच लागतात, असे मागून कुणीतरी म्हणाले. नीळकंठही हसले. फक्त तबस्सुम काझी हसली नाही. ती त्यांची सहसंशोधक होती आणि हा कॅमेरा काय पाहतो हे तिच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. तिने हातातली ताटली खाली ठेवली, गच्चीवर गेली आणि कॅमेरा बंद करून आली.

जेवण झाल्यावर तिघे प्रयोगशाळेत बसले. सामंतांना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचे कळले होते. ते म्हणाले, हा कॅमेरा चुकत नाही एवढेच आम्हाला ठाऊक आहे. का चुकत नाही ते आज एकदा नीट सांगून टाका.

“साधं स्वयंकेंद्रण, म्हणजे ऑटोफोकस, काय करतं?” तबस्सुम म्हणाली. “प्राणी जिथे आहे तिथे नेम धरतं. शटर उघडेपर्यंत प्राणी निघून गेलेला असतो. चितळ राहतं बाजूला आणि मागच्या सागाची साल झकास येते.”

“म्हणून तर आम्ही गणितानं पुढची जागा काढतो.”

“सरळ पळणाऱ्याची काढता. वळणाऱ्याची नाही निघत. आणि कळपात चाळीस चितळं असली तर त्यातल्या कोणाकडे बघायचं, हे गणित सांगत नाही. ते ज्याचं पोट त्यावर आहे त्यालाच कळतं.”

पुढचे नीळकंठांनी सांगितले. जखमी होऊन आलेले आणि पुन्हा जंगलात सोडता न येणारे वाघ केंद्राच्या मागच्या आवारात होते. त्यांच्यासमोर मोठे पडदे लावून कळपांची चित्रे दाखवायची आणि वाघाची बुबुळे कुठे थांबतात ते टिपायचे, असे पाच वर्षे चालले. या कामाला त्यांनी दृष्टिनोंद असे नाव दिले होते. यंत्राला शरीरशास्त्र शिकवले नव्हते. वाघ पाहतो तिथे पाहा, एवढेच शिकवले होते. त्यातून जे स्वयंकेंद्रण तयार झाले, त्याचे नाव व्याघ्रवेध.

“वाघ कशावरून ओळखतो ते आम्हाला सांगता येत नाही,” ते म्हणाले. “पाऊल उचलायला लागणारा वेळ असेल, मानेचा ताण असेल, कान कुठे वळलेत ते असेल. पण तो उगाच पाहत नाही. कळपातलं जे त्याच्या हाती लागेल, तिथे त्याची नजर थांबते.”

सामंतांनी हळू आवाजात विचारले, “आणि माणसांत?”

तबस्सुमने सांगितले की मागच्या महिन्यात दोनदा गंमत म्हणून कॅमेरा माणसांवर धरला होता. एकदा चौकट हिशेब विभागातल्या बोंद्रे यांच्यावर बसली. आठवड्याच्या आत त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यांदा ती पहारेकऱ्यावर बसली. धडधाकट माणूस, पण मांडीत गाठ होती आणि त्याने घरीसुद्धा सांगितले नव्हते.

“म्हणजे मी तिसरा,” नीळकंठ म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी कुंदाला सांगितले. सांगायचे नाही असे ठरवून घरी गेले होते, पण छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना तिच्यापासून काही लपवता आले नव्हते. ती चहा गाळत होती. तिने गाळणी तशीच धरून ठेवली.

“त्या वाघाचं ऐकून तुम्ही काहून घाबरून राहिले?” ती म्हणाली. “डॉक्टरचं ऐका. उद्या जाऊ.”

ते गेले. रक्त तपासले, हृदय तपासले, पोटाची, छातीची, डोक्याची चित्रे काढली. काही निघाले नाही. मोठ्या इस्पितळात गेले. तिथेही काही निघाले नाही. इस्पितळाचे जिने चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत, कुंदा मागून येई आणि मग दोघे पुढे जात. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाच्या माणसाचे इतके चांगले रिपोर्ट आम्ही पाहत नाही. नीळकंठांना ते ऐकून बरे वाटले नाही. सापडत नाही म्हणजे नाहीच असे नसते, हे त्यांना त्यांच्या धंद्यामुळे चांगले माहीत होते. बोंद्रेंनाही आदल्या वर्षी ठणठणीत म्हटले होते.

दर शनिवारी ते मैदानावरून चालत आणि तबस्सुम गच्चीवरून कॅमेरा धरी. सोबत केंद्रातली दहाबारा माणसे चालत. दर शनिवारी चौकट इकडेतिकडे न पाहता थेट त्यांच्यावर येऊन बसे. तिने लेन्स बदलून पाहिली. सहाशे मिलिमीटरची लांब लेन्स काढून छोटी लावली, कॅमेरा खाली आणला, ढगाळ दिवशी पाहिले, उन्हात पाहिले. काही फरक पडला नाही. लोक आता हसत नव्हते. ते शनिवारी काही ना काही काम काढून गावात जायला लागले.

घरी नीळकंठांनी आवराआवर सुरू केली. तसे त्यांनी म्हटले नाही, पण कुंदाला कळत होते. त्यांनी तिला गाडी चालवायला शिकवायला घेतले. ती क्लच सोडताना डोळे मिटे. पंपाची मोटर कशी सुरू करायची, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचे, असे एकेक ते दाखवत गेले.

“तुमचं झालं का शिकवून?” एक दिवस ती म्हणाली. “मला मोटर लावता येते. तुम्ही फक्त जेवत जा नीट.”

तिने त्यांचे पथ्यपाणी स्वतःकडे घेतले. पहाटे उठून दुधीचा रस काढी. त्यांच्यासोबत फिरायला येई. ते दमतात का, हे पाहायला येते असे म्हणे. ते मागे वळून पाहत तेव्हा ती चार पावले मागे असे आणि साडीचा काठ पायात येतो म्हणून कुरकुर करत असे. ते थांबत. ती आली की दोघे चालू लागत. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाही, ते तिच्याकडे पाहून हसत, आणि दोघांनाही वाटे की आपण समोरच्याला धीर देतो आहोत.

असे मार्चपर्यंत चालले.

मार्चमध्ये सामंतांनी कबड्डीचे दोन संघ मैदानावर आणले. कॅमेरा बाजारात आणायची तारीख ठरली होती आणि खेळाच्या फोटोंची चाचणी राहून गेली होती. तबस्सुमने कॅमेरा गच्चीवर लावला. चढाई करणारा पोरगा उसळ्या मारत होता, सात जण त्याला घेरत होते. यापेक्षा चांगला विषय मिळणार नव्हता. पण चौकट कुणावरच बसेना. ती सगळ्यांवरून फिरे, पडद्याच्या कडेला जाई, परत येई. सामंत वैतागले. तेवढ्यात मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, कुंपणाच्या फाटकातून नीळकंठ आत आले. ते ठिपक्याएवढे दिसत होते. चौकट चौदा खेळाडू सोडून त्या ठिपक्यावर जाऊन बसली.

तबस्सुमचा अंगठा कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर होता. तिने तो उचलला. बटण सोडले की केंद्रण थांबते. पडद्यावर सगळे धूसर झाले. ती तशीच उभी राहिली आणि मग जिन्याने धावत खाली आली.

“सर, तो निवडत नव्हता,” ती धापा टाकत म्हणाली. “तो तुमची वाट पाहत होता.”

जंगलात फोटो काढणाऱ्यांची एक रीत असते. कॅमेरा हातात आला की ते आधी पकड पाचवर नेतात. पकड म्हणजे एकदा धरलेला विषय चौकटीने किती घट्ट धरायचा ते. एकवर ठेवली तर जवळून फुलपाखरू गेले तरी चौकट त्याच्या मागे जाते. पाचवर ठेवली तर वाघ बांबूच्या बेटात शिरून बऱ्याच वेळाने बाहेर आला, तरी चौकट त्याच्यासाठी थांबलेली असते. तेवढ्यासाठी कॅमेरा त्या प्राण्याची ओळख साठवून ठेवतो. तिला ओळखस्मृती म्हणतात. एकाच वाघिणीच्या मागावर आठवडाभर फिरायचे असेल तर ती स्मृती कुणी पुसत नाही. पुसणे हा मूर्खपणा ठरतो.

बोंद्रेंवर आणि पहारेकऱ्यावर चौकट बसली, तेव्हा ती मजा होती. नंतर स्मृती पुसली गेली. नीळकंठांवर बसली तेव्हा ती गंभीर गोष्ट झाली आणि गंभीर कामाला लागताच तबस्सुमचे आणि नीळकंठांचे हात जंगलातल्या सवयीने चालले. पकड पाच. स्मृती चालू. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने एकदा निवड केली. त्यानंतर प्रत्येक शनिवारी तो फक्त ओळखीचा माणूस शोधत होता.

“आपण त्याला पुन्हा विचारलंच नाही,” तबस्सुम म्हणाली. “चार महिने एकच उत्तर घोकून घेतलं.”

स्मृती पुसली. पकड एकवर आणली. नीळकंठ केंद्रातल्या माणसांबरोबर मैदानावरून चालत गेले. चौकट त्यांच्यावरून सरकून गेली, जरासुद्धा थांबली नाही, आणि सर्दीने बेजार झालेल्या ग्रंथपालांवर बसली. ग्रंथपालांनी शिंकून दाखवले. मैदानावर टाळ्या पडल्या. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला नीळकंठांनीच नको म्हटले.

मग त्या पहिल्या दिवशी आपल्यावर का बसली, असे त्यांनी विचारले. तबस्सुमने आठवून सांगितले की त्या दिवशी ते नवे बूट घालून आले होते आणि सकाळपासून बूट चावतात म्हणत होते. चालण्यात फरक पडला असेल. वाघाला बुटांचे काय कळणार? नीळकंठांना हे पटले. पटवून घ्यायची त्यांना घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी कुंदाने सगळ्या केंद्रासाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या पाठवल्या. घरी त्यांनी तिला सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. आनंदाने बसली असेल, असे त्यांना वाटले.

शेवटची चाचणी जंगलात व्हायची होती. जांभुळझरीच्या अभयारण्यात एक वाघीण पाणवठ्यावर रोज येत होती. नीळकंठांनी या वेळी कुंदालाही बरोबर घेतले. चार महिने तिने जे काढले त्याची भरपाई म्हणून नाही, पण ती कधी जंगलात आली नव्हती आणि आपण उरलो नसतो तर कधीच आली नसती, असे त्यांना वाटत होते.

उघड्या जीपमध्ये पुढे चालक कुळमेथे, त्याच्याशेजारी सामंत, मागे तबस्सुम आणि नीळकंठ आणि सगळ्यात मागच्या बाकावर कुंदा. ती टोपी घालून बसली होती आणि दांडा धरून होती. सामंतांनी तिला विचारले, वहिनी, वाघ दिसला तर काय कराल? ती म्हणाली, त्याने माझ्या माणसाला चार महिने दुधी पाजायला लावला, त्याला जाब विचारीन. कुळमेथेसुद्धा हसला.

ऊन कलत होते. पाणवठ्याच्या या बाजूला जीप झाडाखाली उभी केली. समोर पाणी, पलीकडे वाळलेले उंच गवत, आणि पाण्याकडे येणारा चितळांचा कळप. सहाशेची लेन्स जीपच्या दांड्यावर वाळूच्या पिशवीवर टेकवली. आता सामंतांच्या डोळ्यांत भीती होती, ती कॅमेऱ्याची. त्यांनी स्मृती पुसायला सांगितली. तबस्सुमने पुसली. पकड एकवर. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

कळपात एक लंगडे पाडस होते. पुढचा पाय नीट टेकत नव्हते. कुंदाने ते आधी पाहिले आणि चुकचुकली. तबस्सुमने मागच्या बटणावर अंगठा ठेवला. चौकट उमटली, फिरली. ती पाडसावर थांबली नाही. ती त्याच्यापुढे चालणाऱ्या मादीवर जाऊन बसली. मादी तरणीताठी होती. कातडी चकाकत होती, पाय भक्कम होते.

“चुकला,” सामंत पुटपुटले. “संपलं. पाडस सोडून त्या धिप्पाड मादीवर जातोय. बाजारात काय तोंड दाखवू?”

तबस्सुमने अंगठा उचलून पुन्हा ठेवला. चौकट पुन्हा फिरली आणि पुन्हा त्याच मादीवर बसली.

तेवढ्यात गवत फाटले.

वाघीण कुठून आली ते कुणी पाहिले नाही. कळप उडाला. पाणी उसळले. पाडस लंगडत, धडपडत पळाले, आणि वाघीण त्याच्या अगदी जवळून गेली. तिने त्याच्याकडे मान वळवली नाही. मादी दोन उड्यांत कळपाच्या पुढे निघाली होती. तिला कुणी गाठू शकले नसते. पण तिसऱ्या उडीआधी ती थबकली आणि मागे वळली. वाघीण तिथे आधीच पोहोचलेली होती.

शटरचा आवाज तेवढा चालू होता, मग तोही थांबला. वाघिणीने मादीला गवतात ओढत नेले. पाडस दूर पाण्याच्या कडेला उभे होते.

सामंतांनी फोटो मागे नेऊन पाहिले. प्रत्येक फोटोत मादीचा डोळा सुईच्या टोकासारखा स्पष्ट होता. चुकला नव्हता. त्यांनी तबस्सुमच्या पाठीवर थाप मारली, आणि मग शरमून हात मागे घेतला.

“हिलाच का?” नीळकंठांनी विचारले. “पाडस तर हातात होतं.”

तबस्सुमने चित्रफीत सुरुवातीपासून लावली, वाघीण यायच्या आधीपासून. मादी पाण्याकडे चालत होती. तबस्सुमने वेग कमी केला. मादीचे पाऊल तिच्या पायांच्या मानाने आखूड पडत होते. दर काही पावलांवर ती थांबल्यासारखी होई. तोंड पाण्याकडे होते पण एक कान सतत मागे होता, पाडसाकडे.

“ती निरोगी आहे, सर. पण ती कळपाच्या चालीनं चालत नाहीये. तिच्या मागच्याच्या चालीनं चालतेय,” तबस्सुम म्हणाली. “पाडसात मांस किती? ही मोठी आहे आणि ही थांबणार. तिला स्वतःला ते ठाऊक नसेल. वाघिणीला होतं.”

नीळकंठ पडद्याकडे पाहत राहिले. मादी आखूड पावले टाकत होती, थांबत होती, कान मागे.

त्यांना मैदान आठवले नाही, बूट आठवले नाहीत. त्यांना इस्पितळाचे जिने आठवले. प्रत्येक वळणावर ते थांबले होते. दमले म्हणून थांबले नव्हते. पहाटे फिरताना थांबले होते. मांडवाकडे जाताना सावकाश चालले होते. बूट चावत होते म्हणून ते तसे चालत नव्हते. बाकी कुणाला सांगता आले नसते, त्यांनाही नाही, की आपण कधीपासून आपली चाल सोडून दिली आहे आणि कुणासाठी.

स्मृती पुसून घेतलेल्या चाचणीला कुंदा नव्हती. पहिल्या दिवशी मात्र ती त्यांच्या शेजारी होती.

त्यांनी मागे वळून पाहिले. कुंदा दांडा धरून बसली होती. गवताकडे पाहत होती. तिचे डोळे भरले होते. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि ती तोंडाने श्वास घेत होती, नुसती बसलेली असताना.

“छोटी लेन्स द्या,” ते म्हणाले.

सामंतांना कळले नाही. नीळकंठांनी पुन्हा सांगितले. सहाशेची लेन्स जीपमधल्या माणसावर लागत नाही, तिला समोर निदान एका खोलीएवढे अंतर लागते. सामंतांनी पिशवीतून छोटी काढून दिली. नीळकंठांनी लांब लेन्स उतरवली, छोटी बसवली. खाच एकदा चुकली. विषयाची कळ ‘माणूस’वर नेली. पुढच्या बाकाच्या पाठीवर टेकून त्यांनी कॅमेरा मागे वळवला. कुळमेथेला मागे जाऊन बसायला सांगितले, सामंतांनाही. कुणी का म्हणून विचारले नाही.

तिघे बाकावर बसले. एका कडेला कुळमेथे, एका कडेला सामंत, मध्ये कुंदा. नीळकंठांनी मागच्या बटणावर अंगठा ठेवला.

चौकट कुळमेथेवरून गेली. सामंतांवरून गेली. मध्ये येऊन थांबली. पकड एकवर होती. कुळमेथेने मुद्दाम हात हलवला, टोपी काढली, घातली. चौकट तिकडे गेली नाही.

“काय पाहून राहिले?” कुंदाने विचारले.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग तबस्सुमच्या. तिला सांगावे लागले नाही. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“किती दिवस?” नीळकंठांनी विचारले.

“काही नाही हो. जिना चढताना छातीत भरून येते. थोडं.”

“किती दिवस, कुंदा?”

“दिवाळीच्या फराळाच्या आधीपासून असन.” ती बोटांनी टोपीची कड चाचपत होती. “सांगणारच होती. मंग तुमचं ते चौकटीचं निघालं. म्हटलं, आधी तुमचं आटपू द्या. दोघं कशाला एकदम पडायचे. मला कुठे वाघानं निवडलं होतं?”

गवतात कुठेतरी हाडाचा आवाज झाला. कुळमेथे उठून पुढे गेला आणि न विचारता त्याने जीप सुरू केली. फाटकापर्यंत तासभराचा रस्ता होता आणि तिथून नागपूर आणखी पुढे. सामंत फोनला रेंज मिळते का ते पाहत त्याच्या शेजारी जाऊन बसले. ओळखीच्या डॉक्टरांना आत्ताच कळवतो, असे म्हणाले.

नीळकंठांनी कॅमेरा तबस्सुमच्या हातात दिला. धक्के खात ते मागच्या बाकावर गेले आणि कुंदाच्या शेजारी बसले. तिचा हात थंड होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. तिच्या श्वासाबरोबर त्यांचा श्वास आखूड झाला होता. तो त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला आणि ऐकू आल्यावरही लांब करता येईना.

तबस्सुम समोर बसली होती, त्यांच्याकडे तोंड करून. कॅमेरा तिच्या मांडीवर तसाच चालू होता, लेन्स त्या दोघांच्या दिशेने, आणि तिचा अंगठा सवयीने मागच्या बटणावर गेला होता. ती पडद्याकडे पाहत होती. मग तिने डोळे वर केले, नीळकंठांकडे पाहिले, आणि कॅमेरा बंद केला.

“काय झालं?” त्यांनी विचारले.

“काही नाही, सर. बॅटरी संपली.”

बॅटरी भरलेली होती. लेन्स बदलताना पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी ते पाहिले होते. चौकट कुंदावरून निघून कुठे गेली असेल, हेही त्यांना ठाऊक होते.

ते जागचे हलले नाहीत.